तिरका दात

तिला घरात फौजदार म्हणत. लहानपणी वडिलांनी हे नाव ठेवलं होतं, कारण घरात साधी पेन्सिल हरवली तरी ही एकेकाला खुर्चीत बसवून चौकशी करायची. शेवटची कधी बघितलीस, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं, मग तू कुठे गेलास. पुढे वडील गेले, तिनं चाळिशी ओलांडली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. मध्यंतरी तिचं लग्न झालं आणि मोडलं. नवऱ्याची नोकरी सुटली होती आणि तरी तो रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडत होता, हे तिला कळायला बरेच महिने लागले. जवळच्या माणसानं आपल्याला असं बनवावं याचा तिला इतका राग आला की नोकरी गेल्याचं वाईट वाटायचं राहूनच गेलं. तेव्हापासून समोरचा काय बोलतो यापेक्षा तो काय गाळतो, तिकडेच तिचे कान लागलेले असायचे.

ती बाहुल्यांच्या अॅनिमेशन फिल्म बनवायची. हे काम म्हणजे संयमाची परीक्षा. बाहुलीचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर जेमतेम एक म्हातारी पायरी उतरते. या वेळची फिल्म उतारवयातल्या प्रेमावर होती. समोरासमोर दोन इमारती, एकीच्या बाल्कनीत एकटी बाई, दुसरीच्या बाल्कनीत एकटा माणूस. वाऱ्यानं त्याचा पायमोजा उडतो, तिच्या दोरीवर येऊन अडकतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. एका संस्थेनं फिल्मला मदत देऊ केली होती. त्या लोकांपुढे फौजदार फार छान बोलली होती. म्हातारपणी माणसाला सोबत हवी असते, आपण मुलंच त्यांच्या आड येतो, असं तिनं अगदी मनापासून सांगितलं होतं.

बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे काम चालायचं. खिडक्यांना काळे पडदे, मधोमध टेबलावर दोन बाल्कन्यांचा सेट. सोबतीला तिचा जुना कॅमेरावाला होता. तो कमी बोलायचा, पण जे बोलायचा ते तिरकस. आणि बाहुल्यांचे कपडे शिवायला तिची आई यायची. आईनं आयुष्यभर एका मोठ्या कापडदुकानात लोकांचे कपडे बसते करून दिले होते. बोटभर कोटाला खरं अस्तर लावणं आणि तांदळाएवढी बटणं टाचणं तिला अवघड नव्हतं, फक्त चष्मा लागायचा.

अडत होतं ते तोंडांपाशी. बाहुलीनं बोलायचं तर प्रत्येक उच्चाराला वेगळं तोंड लागतं. 'म'ला ओठ मिटलेले, 'आ'ला उघडे, 'ओ'ला गोल. अशी कित्येक तोंडं करून ठेवायची आणि फोटोगणिक बदलायची. फौजदारनं स्वतः केलेल्या तोंडांनी म्हातारी बोलायला लागली की घास अडकल्यासारखी दिसे. एकदा जेवताना तिनं आईपाशी ही कटकट बोलून दाखवली. आई म्हणाली, मिळेल कोणीतरी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ जिना चढून आले. हातात पत्र्याची पेटी. त्यांनी सांगितलं की आपण आयुष्यभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवल्या, आता निवृत्त आहोत, आणि इथे तोंडं करून हवी आहेत असं कोणीतरी बोललं. पेटीतून त्यांनी मेणाची कांडी काढली, दिव्यावर धरली, छोट्याशा सुरीनं इकडे तिकडे केलं आणि बोलता बोलता म्हाताऱ्या बाहुल्याचा 'ओ' टेबलावर ठेवला. कॅमेरावाल्यानं तो बाहुल्याला लावून बघितला आणि शिट्टी वाजवली. फौजदारनं त्यांना दुसऱ्या दिवसापासूनच यायला सांगितलं. सगळे त्यांना काका म्हणायला लागले.

पहिला खडा तिच्या दाताखाली त्याच आठवड्यात आला. चहा पिताना ती कॅमेरावाल्याला म्हणाली की माणूस मात्र तू नामी शोधलास. तो म्हणाला, "मी? मला वाटलं तू आणलास."

दोघंही क्षणभर काकांच्या पाठीकडे बघत राहिले. काका खिडकीशी बसून ओठ घासत होते. मग कॅमेरावाला म्हणाला की जाऊ दे, आभाळातून पडला असेल, काम बरं करतो ना. फौजदारला मात्र आभाळातून पडलेली माणसं आवडत नसत.

दुसरी गोष्ट आईची. तिची आई रांगेत उभी राहिली तरी पुढच्या बाईला मुलं किती आणि गुडघ्याला कोणतं तेल लावता, हे विचारून घ्यायची. काकांची ओळख करून दिली तेव्हा ती नुसतं नमस्कार म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. काकाही नमस्कार म्हणाले आणि मेण तापवायला लागले. पुढचे कितीतरी दिवस दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून काम करत होते, आणि तुम्ही कुठले, घरी कोण कोण, एवढंसुद्धा आईनं विचारलं नाही. फौजदारनं एकदा घरी जाताना मुद्दाम विषय काढला. काका एकटेच असतात का गं? आई म्हणाली, मला काय माहीत. आणि लगेच रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागली.

मग एक दिवस आई बाहुलीच्या कोटाची बाही जोडत होती आणि दोरा काही केल्या सुईत जात नव्हता. फौजदार सेटच्या मागे, पडद्याआड तारा बांधत होती. तिकडून तिला काकांचा आवाज ऐकू आला, हळू, अगदी घरातला.

"तू आधी चष्मा लाव बघू."

आईनं चष्मा लावला असावा, कारण पुढे कोणी काही बोललं नाही. फौजदार बाहेर आली तेव्हा काका म्हणत होते की तुम्हाला उजेड पुरतो आहे ना, नाहीतर दिवा सरकवतो. तुम्ही, तुम्हाला, अगदी अदबीनं. फौजदारनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन्ही तोंडं अशी कोरी, की जणू काकांनीच बनवून बसवली असावीत.

तिनं मनाला समजावलं की आपल्याला ऐकू येण्यात चूक झाली असेल. पण त्या दिवसापासून तिचं कामात चित्त लागेना. कॅमेऱ्यातून बघताना बाहुल्यांच्या मागे, टेबलाच्या टोकाला कोणाचा हात कुठे आहे, इकडेच तिचा डोळा जायचा. काकांनी पाण्याची बाटली आईजवळ ठेवली, की हिच्या मनात नोंद. आई काकांच्या आधी पाचेक मिनिटं निघाली, की दुसरी नोंद. एकदा तर कॅमेरावाला वैतागून म्हणाला की म्हातारीचा डावा हात मघाशी वर होता, आता खाली आहे, तुझं लक्ष कुठे आहे?

आणि मग ते हसू आलं. फिल्मच्या शेवटी म्हातारी पहिल्यांदा मोकळेपणानं हसते, दात दिसतील अशी. काकांनी त्या तोंडावर खूप वेळ घेतला होता. त्यांनी ते तळहातावर धरून फौजदारला दाखवलं. वरच्या ओळीत डावीकडचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. ते हसू तिच्या आईचं होतं. आणि नुसतं आताचं नाही. आई तरुण असताना, कडेवर फौजदारला घेऊन उभी असताना जशी हसायची, गालाची ती घडीसुद्धा.

तिनं विचारलं की हे असं का केलंत.

काका म्हणाले, "असंच सुचलं. सरळ दात खोटे वाटतात."

"दुसऱ्या कोणाचं बघून केलंत का?"

काका सुरी पुसत राहिले. मग म्हणाले की इतकी वर्षं लोकांची तोंडं बघितली, कोणाचं कुठे लक्षात राहतं. फौजदारच्या कानांनी गाळलेलं बरोबर टिपलं. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी काम लवकर आटोपलं. आई आधीच घरी गेली होती. काका पेटी घेऊन उतरले आणि फौजदार त्यांच्या मागे निघाली. असं करताना तिला स्वतःची थोडी लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत. खादीच्या निळ्या शर्टातले काका रमतगमत चालले. बेकरीतून त्यांनी पाव घेतला, फुलवाल्यापाशी थांबले पण फुलं घेतली नाहीत. मग डावीकडे वळून ते तिच्या आईच्या इमारतीत शिरले, तेसुद्धा पुढच्या दारानं नव्हे, तर मागे जिथे सायकली लावतात तिथल्या जिन्यानं. त्या जिन्याचं दार आतल्या बाजूला जरा उचलून ढकलावं लागतं. काकांनी ते न बघता उचललं आणि ढकललं.

फौजदार समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली आणि तिनं आईला फोन लावला. आईनं उचलला. काय करतेस, विचारलं तर म्हणाली, पडले होते जरा. एकटीच आहेस का, विचारलं.

"हो, एकटीच. आणखी कोण असणार?"

त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरची, आईच्या घराची खिडकी आतून कोणीतरी ओढून घेतली. खादीच्या निळ्या बाहीतला लांब हात होता. फौजदारनं फोन बंद केला. औषधवाल्यानं काय हवं म्हणून विचारलं तेव्हा तिनं काहीतरी मागायचं म्हणून खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.

तिच्या मनात आलेले विचार काही चांगले नव्हते. एकट्या बायका हेरून त्यांच्या घरात शिरणाऱ्या माणसांच्या गोष्टी तिनं ऐकल्या होत्या. अशी माणसं आधी सालस वागतात, हातानं कामसू असतात, काही मागत नाहीत. आईच्या जुन्या फोटोंपर्यंत हा माणूस पोचला होता. म्हणजे कपाटापर्यंत पोचला होता. आणि आईला त्यानं खोटं बोलायला शिकवलं होतं. तिची आई खोटं बोलत नसे. निदान तिचा तसा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांनी एकदा बोलता बोलता सांगितलेल्या त्यांच्या जुन्या लॅबमध्ये गेली. आपल्याला कवळीचं काम आहे आणि अमुक गृहस्थांचं नाव ऐकलं आहे, अशी थाप मारली. काउंटरवरच्या बाईनं ते आता इथे नसतात असं सांगितलं. निवृत्त झाले का, असं फौजदारनं विचारल्यावर ती बाई जराशी घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली की निवृत्त कसले, मालकांशी वाजलं होतं. ते पेशंटच्या घरी जायचे. एक बाई होत्या, त्यांच्याकडे तर सारखेच. मालकांनी बजावलं, तरी ऐकलं नाही. शेवटी जा म्हणाले.

फौजदारला याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं. ती तडक छापखान्यावर आली. काका नेहमीच्या जागी बसले होते. आई अजून यायची होती. तिनं शांत आवाजात सांगितलं की तोंडं पुरेशी झाली आहेत, उद्यापासून यायची गरज नाही. कॅमेरावाल्यानं मान वर केली. अजून शेवटच्या प्रसंगातली कितीतरी तोंडं व्हायची होती हे त्याला ठाऊक होतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं मान पुन्हा खाली घातली.

काकांनी का म्हणून विचारलं नाही. हेही तिला खटकलं. निरपराध माणूस का म्हणून विचारतो. त्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली, हात धुतले, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. दारात थांबून एवढंच म्हणाले, "ते हसरं तोंड पॉलिश केलंय. संध्याकाळपर्यंत हात लावू नका, बोटांचे डाग उठतील."

दुसऱ्या दिवशी आई कामाला आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर उचलायची, हो-नाही करायची आणि ठेवून द्यायची. ओरडली असती, रडली असती तर फौजदारला बरं वाटलं असतं. शेवटी तीच आईच्या घरी गेली. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. फौजदार समोर बसली आणि तिनं सगळं एकापाठोपाठ एक मांडलं. कोणी न बोलावता आलेला माणूस. तू म्हणणं. दात. मागचा जिना. एकटीच आहे म्हणणं. आणि शेवटी लॅब. तो बायकांच्या घरी जायचा म्हणून त्याला काढून टाकलं, हे तुला माहीत आहे का, असं तिनं विचारलं. बोलताना तिचा आवाज चढत गेला.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"बायका नाहीत. एकच बाई. मी."

मग आईनं दोन बोटं तोंडात घातली, अंगठ्यानं जरासा जोर दिला आणि वरची अख्खी कवळी काढून बशीत ठेवली.

फौजदार बघत राहिली. आईचा वरचा ओठ आत गेला होता, नाक खाली आलं होतं. समोर एक वेगळीच म्हातारी बाई बसली होती, आणि तिचे डोळे तेवढे आईचे होते. बशीतल्या गुलाबी कवळीत डावीकडचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता.

"हे कधी?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

आई बोलायला लागली. शब्द फसफसत बाहेर येत होते, काही धड कळत नव्हते, पण तिनं कवळी परत घातली नाही. तीन वर्षांपूर्वी फौजदार कामासाठी बरेच महिने दुसऱ्या शहरात होती. तेव्हा हिरड्या सुजल्या आणि डॉक्टरांनी वरचे सगळे दात काढले. फौजदारला आठवलं, तेव्हा आई व्हिडिओवर यायची नाही, नेट चालत नाही म्हणायची. पहिली कवळी आली ती पांढरीशुभ्र, सरळ रेषेत, मोत्यांसारखी. आरशात बघितलं तर आईला स्वतःची ओळखच पटेना. त्यात ती टोचायची. आईनं बाहेर जाणं सोडलं, शेजारणीला दार उघडणं सोडलं. लॅबमध्ये तक्रार केली तेव्हा तिथला माणूस घरी आला. त्यानं कवळीकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, तुम्ही पूर्वी कशा हसायचात? आईनं फोटो काढून दाखवला.

"त्यांनी नवीन केली. दात तिरका बसवला. मालक म्हणाला, वाकडा दात लावून कोणी पैसे घेतं का. हे म्हणाले, बाईंचा दात आहे तो, माझी चूक नाही."

पुढे हिरड्या आटत गेल्या, कवळी सैल व्हायची, कुठे घासायची. ते येत राहिले. त्यावरून मालकाशी वाजलं, नोकरी सुटली, तरी येत राहिले.

आईनं बशी जवळ ओढली. मग म्हणाली, "एक दिवस टोचायचं थांबलं. मी म्हटलं, अजून टोचतंय. त्यांनी हातात घेऊन बघितली. त्यांना कळलं होतं, टोचण्यासारखं काही राहिलं नाहीये. तरी त्यांनी घासायचं यंत्र काढलं, नुसतंच हवेत फिरवलं, आणि परत दिली. म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू."

फौजदार बशीकडे बघत होती. त्या शहरातून परत आल्यापासून ती दर आठवड्याला या टेबलाशी जेवत होती, समोर बसून आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला हे दिसलं नव्हतं. साधी पेन्सिलसुद्धा हरवू न देणारी हिची नजर, आणि आईचे अख्खे दात गेले तरी पत्ता नाही. पण तिला वाईट वाटत होतं तसा रागही येत होता, आणि तो तिनं गिळला नाही.

"तू मला सांगू शकली असतीस. तीन वर्षं, आई. वर त्यांना माझ्याकडे आणून बसवलंस आणि नमस्कार-चमत्कार केलेस. माझ्यासमोर नाटक."

"केलं," आई म्हणाली. "त्यांना नको होतं. ते म्हणत होते, सांगून टाक. मीच शपथ घातली."

"का पण?"

"तू प्रश्न विचारतेस ना, तेव्हा काही केलेलं नसलं तरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. तुझ्या नवऱ्यालाही वाटत असेल." हे बोलून आई स्वतःच चपापली. मग हळू म्हणाली, "दिवसा एका खोलीत बसायला मिळेल, एवढंच मनात होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं."

नवऱ्याचं वाक्य फौजदारला लागलं. ती उठली, पाणी प्यायली आणि निघून गेली. आईनं थांब म्हटलं नाही.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. शेवटचा प्रसंग अडून पडला होता. हसरं तोंड तयार होतं, पण मिटल्या ओठांपासून त्या हसण्यापर्यंत जायचं तर मधली तोंडं हवीत. थोडं उघडलेलं, आणखी थोडं, मग दात दिसू लागलेलं. फौजदारनं स्वतः करून बघितली. पडद्यावर म्हातारी हसण्याऐवजी गुरगुरली. कॅमेरावाल्यानं तो तुकडा दोनदा फिरवून बघितला आणि म्हणाला, "हिला कुत्रा चावलाय की हिनं कुत्र्याला?" मग जरा थांबून म्हणाला की त्या माणसाला बोलाव, नाहीतर फिल्म पायमोज्यापाशीच संपव.

काका टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होते. फौजदार गेली तेव्हा ते एका म्हाताऱ्याची तडकलेली कवळी जोडत होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. ती उभीच राहिली. सवयीनं तिनं पहिल्यांदा प्रश्नच विचारला. तुमचं लग्न झालेलं आहे का?

"नाही. राहून गेलं."

"दुसरं कोणी?"

"बहीण होती. गेली."

तिला पुढचे आणखी प्रश्न तोंडावर आले होते. ते बाजूला सारून ती म्हणाली की मी लॅबमध्ये जाऊन तुमच्यामागे चौकशी केली, ते चुकलंच.

काकांनी कवळी खाली ठेवली. "चुकलं. मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

काकांनी विचार केला. खरोखर विचार केला, हे तिला दिसलं. मग ते म्हणाले, "नाही. तिनं शपथ घातली होती." आणि थोड्या वेळानं, "तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हता. मी चोरून येत होतो. मागच्या जिन्यानं चढताना मलाही दर वेळी आपण चोर आहोत असंच वाटायचं. या वयात बरं दिसत नाही ते."

त्या माणसावर भरवसा ठेव असं कोणी सांगितलं असतं, तर तिचा तो बसला नसता. पण आपल्याविरुद्ध जाणारं उत्तर त्यांनी दिलं होतं. तिच्या इतक्या वर्षांच्या चौकशांत असं फार थोड्यांनी केलं होतं. तिनं विचारलं की उद्यापासून येता का. काका म्हणाले, येतो, पण एक अट आहे. तुमच्या आईला मी चारचौघांत तुम्ही म्हणणार नाही. मला ते फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी आई आणि काका एकत्र जिना चढून आले, पुढच्या दारानं. आईचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होता. फौजदार आणि ती एकमेकींशी जपून बोलत होत्या, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं. दुपारी काका मोठ्यानं म्हणाले, "तू तो दिवा इकडे दे जरा," आणि कॅमेरावाल्याच्या हातातला चहा डुचमळला. त्यानं फौजदारकडे बघितलं. ती बाहुलीवर वाकलेली होती. तिचे कान लाल झाले होते, पण तिनं मान वर केली नाही.

मधली तोंडं झाली. एका दिवसात ते हसू कॅमेऱ्यात उतरलं. आई टेबलाच्या टोकाला बसून बघत होती. आपलंच हसू एका मुठीएवढ्या बाहुलीच्या तोंडावर टप्प्याटप्प्यानं उमलताना बघून तिनं तोंडावर हात ठेवला, मग जरा वेळानं काढला.

फिल्म एका लहानशा सभागृहात दाखवली गेली तेव्हा आई आणि काका तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते. संपल्यावर एका तरुण मुलीनं उठून विचारलं की म्हाताऱ्या माणसांच्या मनातलं तुम्हाला इतकं कसं समजलं. फौजदार माइक हातात धरून उभी राहिली. संस्थेपुढे बोलली होती ते सगळं तिला तोंडपाठ होतं. ती म्हणाली की समजलं नव्हतं, मी चुकीचंच समजत होते, ज्यांना समजतं त्यांनी तोंडं बनवली आणि कपडे शिवले. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर थोड्याच दिवसांत आई आणि काका आठवडाभर थंड हवेच्या ठिकाणी निघाले. फौजदार त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. हॉटेल कुणी ठरवलं, बस थेट जाते ना, डॉक्टर जवळ आहे का, असं सगळं तिनं विचारून घेतलं. काकांनी प्रत्येकाचं नीट उत्तर दिलं. शेवटी ते तिकिटं दाखवायला पुढे गेले तेव्हा तिनं आईला विचारलं की खोल्या किती घेतल्या आहेत.

"एक," आई म्हणाली, आणि बसमध्ये चढली.

संध्याकाळी तिनं फोन केला, आईनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचाच आला. आवाजात वारा होता. आई म्हणाली की इथे हवा फार छान आहे, टेकडीवर चढलो, काकांना धाप लागली, मला नाही लागली. मग म्हणाली की काका आंघोळीला गेलेत, आणि आणखी दोन दिवस राहावं म्हणतोय. फौजदार म्हणाली, राहा की.

फोन ठेवल्याबरोबर तिच्या मनात आलं, आणखी दोन दिवस कशाला? काही झालं तर नसेल? काका आंघोळीला गेलेत म्हणाली, पण भरदुपारी आंघोळ? परत फोन लावावा म्हणून तिनं हातात घेतला. पलीकडे कॅमेरावाला एकटाच सेट सुटा करत होता आणि बाल्कनीचे कठडे जुन्या पेपरात गुंडाळत होता. ती थोडा वेळ फोनकडे बघत बसली. मग तो टेबलावर उलटा ठेवून त्याच्या मदतीला गेली.